स्थानिक इतिहासाच्या ग्रंथाची सूची : नोंदी, पाहा-नोंदी आणि मजकुरातील परस्परसंदर्भ

खानापूर तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या परिसराचा इतिहास लिहून पूर्ण केला आहे. सुमारे साडेतीनशे पृष्ठांचा हा ग्रंथ बेळगावातील एका डीटीपी केंद्रात इनडिझाइन या पृष्ठमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लावला जात आहे. त्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : पहिल्या प्रुफावरून त्यांनी वहीत शब्द आणि पाने लिहून सूची तयार केली, ऑपरेटरने ती टंकलिखित केली आणि त्यानंतर तिसऱ्या प्रकरणात एक नकाशा घालावा लागल्यामुळे पुढचे सर्व पृष्ठक्रमांक सरकले. मजकुरात जागोजागी ‘पृष्ठ ११२ पाहा’ असे जे उल्लेख होते, तेही चुकीचे ठरले. हे काम सॉफ्टवेअरकडून करून घेता येईल का, ‘खानापूर’ हा शब्द शोधून एका फटक्यात सर्व ठिकाणी खुणा करता येतील का, आणि सूचीत ‘बेळगाव’ लिहावे की ‘बेळगावी’, असे त्यांचे तीन उपप्रश्न आहेत.

पहिल्याचे उत्तर ‘होय’, दुसऱ्याचे ‘नाही’, आणि तिसऱ्याचे उत्तर सॉफ्टवेअरच्या आधी आपल्याला द्यावे लागेल. सॉफ्टवेअर खूण कोणत्या पानावर आहे एवढेच लक्षात ठेवते. वाचक कोणता शब्द मनात धरून सूची उघडेल याचा अंदाज त्याला बांधता येत नाही. मराठीत तर एकच शब्द विभक्ती, सामान्यरूप, जुने नाव, नवे नाव अशा इतक्या रूपांनी मजकुरात वावरतो की, इंग्रजी ग्रंथासाठी बनवलेली स्वयंचलित सोय आपल्याकडे अर्ध्या वाटेतच थांबते. म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा : आधी मजकूर युनिकोडमध्ये (म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या सार्वत्रिक संकेतपद्धतीत), मग मुख्यशब्दांची यादी, मग खुणा आणि शेवटी सूचीची निर्मिती. हा क्रम उलटला की श्रम दुप्पट होतात.

खूण म्हणजे काय हे आधी स्पष्ट करतो. इनडिझाइन, फ्रेममेकर, वर्ड किंवा लिबरऑफिस रायटर या सर्वांत सूचीची नोंद म्हणजे मजकुरात शब्दाशेजारी ठेवलेली, छपाईत न दिसणारी एक खूण असते. तिच्यात आपण मुख्यशब्द, हवी असल्यास पोटनोंद आणि हवी असल्यास क्रमासाठी वेगळे रूप भरतो. पृष्ठक्रमांक मात्र कोठेही लिहीत नाही. ‘जनरेट इंडेक्स’ म्हटले की सॉफ्टवेअर त्या क्षणी प्रत्येक खूण कोणत्या पानावर आहे ते पाहून सूची उभी करते. नकाशा घातला, छायाचित्र काढले, प्रकरणे मागेपुढे केली, तरी सूची पुन्हा निर्माण केली की पाने बरोबर येतात. ‘पुन्हा निर्माण केली की’ ही अट मात्र विसरू नये, कारण इनडिझाइनमध्ये सूची आपोआप ताजी होत नाही. तयार सूचीत हाताने केलेली दुरुस्तीही पुढच्या निर्मितीत पुसली जाते. म्हणून सूचीत चूक दिसली तर ती सूचीत न सुधारता मजकुरातील खुणेत सुधारावी.

युनिकोडचा आग्रह का, ते सांगतो. सीमाभागातील अनेक छापखान्यांत आजही जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर फिरत असतो. या फॉन्टांत पडद्यावर ‘कि’ दिसत असले तरी फाइलमध्ये बहुधा आधी वेलांटी आणि मग ‘क’ असे रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात. अशा मजकुराची अकारविल्हे यादी मागितली तर सॉफ्टवेअर त्या रोमन संकेतांप्रमाणे क्रम लावते आणि ‘किल्ला’ भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो. आपला मजकूर अशा फॉन्टात असेल तर सूचीचे काम सुरू करण्यापूर्वी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे आणि रूपांतरानंतर एक पूर्ण मुद्रितशोधन करावे. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात.

आता मुख्यशब्दांची यादी. संपूर्ण कामात मी सर्वाधिक वेळ येथे देतो आणि आपणही द्यावा. एका साध्या स्प्रेडशीटमध्ये तीन रकाने करावेत : सूचीत छापायचे रूप, मजकुरात आढळणारी इतर रूपे आणि पाहा-नोंद, म्हणजे वाचकाला दुसऱ्या नोंदीकडे पाठवणारी ओळ, हवी की नको. आपल्या भागाच्या इतिहासात स्थलनामांचा गुंता मोठा आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, त्याच दिवशी हुबळी हुब्बळ्ळी झाली आणि विजापूर विजयपुरा झाले. मराठी वाचक मात्र सूचीत ‘बेळगाव’च शोधणार आणि आपल्या मजकुरातही तेच रूप आहे. म्हणून छापायचे रूप ‘बेळगाव’ ठेवावे आणि ‘बेळगावी : पाहा बेळगाव’ अशी नोंद द्यावी. रट्ट राजघराण्याच्या काळातील शिलालेखांचा विचार करताना आपण ‘वेणुग्राम’ वापरले असेल, तर ‘वेणुग्राम : पाहा बेळगाव’ हीदेखील हवी. हलशीचे प्राचीन नाव पलाशिका आणि सौंदत्तीचे सुगंधवर्ती. येळ्ळूरचा किल्ला कोणी येळ्ळूरगड म्हणतो, कोणी राजहंसगड. जुन्या सरकारी कागदपत्रांत सौंदत्तीचा तालुका ‘परसगड’ आणि बैलहोंगलचा ‘संपगाव’ या नावाने येतो. यांपैकी कोणते रूप मुख्य धरायचे याबाबत माझा नियम असा की, ज्या वाचकासाठी ग्रंथ आहे त्याच्या तोंडी आज असलेले रूप मुख्य, आणि बाकी सर्व पाहा-नोंदी. नावांच्या वादात ग्रंथकाराची जी भूमिका असेल ती प्रस्तावनेत मांडावी. सूचीचे काम वाचकाला पानापर्यंत नेण्याचे आहे, आणि म्हणून वाद कितीही तीव्र असला तरी दोन्ही रूपे सूचीत सापडलीच पाहिजेत.

जेथे नाव बदललेले नसून प्रदेशच बदलला आहे, तेथे पाहा-नोंद देऊ नये. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, परंतु चंदगड तालुका त्यातून वगळला गेला. अशा वेळी ‘चंदगड’ ही स्वतंत्र नोंद ठेवून तिच्याखाली ‘बेळगाव जिल्ह्यातून वगळणे’ अशी पोटनोंद करावी. त्याचप्रमाणे ‘म्हैसूर राज्य’ आणि ‘कर्नाटक’ या एकाच राज्याच्या दोन काळांतील नोंदी आहेत, कारण १९७३ मध्ये नाव बदलले. १९५६ ते १९७३ या काळाविषयी आपण पुष्कळ लिहिले असेल तर दोन्ही नोंदी स्वतंत्र ठेवून परस्परांकडे ‘आणखी पाहा’ने बोट दाखवावे. तुरळक उल्लेख असतील तर एकाच नोंदीत आटोपावे.

व्यक्तिनामांत आधुनिक व्यक्ती आडनावाने, संत आणि राजे मूळ नावाने, हा मराठी ग्रंथांतील सर्वमान्य रिवाज आहे. आपल्याकडील कन्नड नावांना तो जसाच्या तसा लावला की घोटाळा होतो. ‘संगोळ्ळी रायण्णा’ यातील संगोळ्ळी हे गाव आहे, आडनाव नव्हे. नोंद ‘रायण्णा, संगोळ्ळी’ अशी ‘र’मध्ये करावी आणि ‘संगोळ्ळी रायण्णा’ या रूपाची पाहा-नोंद ‘स’मध्ये द्यावी, कारण निम्मे वाचक तेथेच पाहणार. ‘राणी चन्नम्मा’ ही ‘चन्नम्मा, कित्तूरची राणी’ अशी जाईल. उपाधी, पदवी आणि ‘कै.’, ‘श्रीमंत’ यांसारखी आदरार्थी अक्षरे क्रमात धरू नयेत.

आता आपला दुसरा प्रश्न : एका फटक्यात खुणा. इनडिझाइनच्या ‘न्यू पेज रेफरन्स’ या चौकटीत ‘ॲड ऑल’ असे बटण आहे. ते निवडलेल्या मजकुराची सर्व ठिकाणे शोधून खुणा करते, पण पूर्ण शब्द जुळला तरच. वर्डचे ‘मार्क ऑल’ही तंतोतंत जुळणारे रूपच धरते. आपल्या ग्रंथात ‘खानापूर’ असा सुटा शब्द किती वेळा येतो? बहुतेक वेळा ‘खानापूरच्या’, ‘खानापूरहून’, ‘खानापूरकर’ असे येते, आणि ‘खानापुरात’ म्हणताना तर दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. ‘शहापूर’चे ‘शहापुरात’, ‘देऊळ’चे ‘देवळात’, ‘किल्ला’चे ‘किल्ल्यावर’, ‘धबधबा’चे ‘धबधब्याजवळ’. म्हणजे मूळ शब्दाचा शोध घेणारे यंत्र निम्म्याहून अधिक ठिकाणे सोडून देणार. उलट शब्दाचा तुकडा शोधायला सांगितला तर नको ते हाती येते. ‘निपाणी’ शोधले की ‘निपाणीकर देसाई’ही येतात आणि गावाच्या नोंदीत घराण्याची पाने मिसळतात.

यावर माझी पद्धत अशी आहे. शोधासाठी जीआरईपी किंवा रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे साचा देऊन शोधण्याची सोय, वापरावे आणि ‘खानाप’ व ‘र’ यांच्यामध्ये ऱ्हस्व किंवा दीर्घ यांपैकी कोणताही उकार चालेल असा साचा द्यावा. ही सोय इनडिझाइन आणि रायटर दोन्हींत आहे. शोध ‘पुढचे’, ‘पुढचे’ असा एकेक ठिकाणी न्यावा, वाक्य वाचावे आणि नोंद योग्य असेल तरच खूण करावी. खूण करताना मुख्यशब्द पुन्हा टंकू नये. चौकटीच्या खालच्या भागातील यादीतील शब्दावर डबल-क्लिक केले की तो वर येतो, आणि ‘हलशी’ व ‘हलसी’ अशा दोन नोंदी होण्याचा धोका टळतो. हे काम कंटाळवाणे आहे यात शंका नाही. परंतु याच वाचनात ग्रंथकाराला आपल्याच मजकुरातील विसंगती सापडतात, असा माझा अनुभव आहे.

प्रत्येक ठिकाणी खूण करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. एक नमुना घेऊ. समजा आपल्या मजकुरात असे वाक्य आहे : ‘१८३१ मध्ये नंदगड येथे संगोळ्ळी रायण्णाला फाशी देण्यात आले, त्याची समाधी आजही तेथे असून खानापूर, हलशी आणि बेळगावहून लोक तेथे येतात.’ येथे माझ्या खुणा दोनच असतील. पहिली ‘रायण्णा, संगोळ्ळी’ या मुख्यशब्दाखाली ‘फाशी आणि समाधी’ अशी पोटनोंद, आणि दुसरी ‘नंदगड’ या मुख्यशब्दाखाली ‘रायण्णाची समाधी’ अशी पोटनोंद. खानापूर, हलशी आणि बेळगाव या नावांना येथे खूण नाही, कारण ‘हलशी’ शोधणाऱ्या वाचकाला या पानावर हलशीविषयी काहीही मिळणार नाही. ‘फाशी’ हा स्वतंत्र मुख्यशब्द त्याच नावाचे प्रकरण असेल तरच. आता हेच वाक्य नंदगडच्या बाजारपेठेविषयी असते, तर नंदगडखाली ‘बाजारपेठ’ ही पोटनोंद झाली असती. खूण शब्दाला न देता त्या ठिकाणी मिळणाऱ्या माहितीला द्यावी.

पोटनोंदी कोठून सुरू कराव्यात? एका मुख्यशब्दापुढे सहासातपेक्षा अधिक पृष्ठक्रमांक जमले की तो फोडावा. ‘बेळगाव’ या नोंदीपुढे चाळीस पाने ओळीने छापलेली मराठी पुस्तके मी पाहिली आहेत. त्या नोंदीचा कोणालाही उपयोग नाही. तेथे ‘काँग्रेस अधिवेशन’, ‘किल्ला’, ‘कमल बसदी’, ‘नामांतर’, ‘राज्यपुनर्रचना’ अशा पोटनोंदी हव्यात. १९२४ चे काँग्रेस अधिवेशन महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली झालेले एकमेव अधिवेशन असल्यामुळे वाचक ते ‘काँग्रेस’मध्येही शोधेल आणि ‘गांधी’मध्येही. पाने थोडी असतील तर तिन्ही ठिकाणी पूर्ण पाने द्यावीत. दोन पानांसाठी वाचकाला पाहा-नोंदीवरून दुसरीकडे पाठवणे हा अन्याय आहे. पाने पुष्कळ असतील तरच एका ठिकाणी तपशील आणि दुसऱ्या ठिकाणी पाहा-नोंद. पोटनोंदींच्या खाली पुन्हा पोटनोंदी मात्र टाळाव्यात. इनडिझाइन चार पातळ्या देते म्हणून त्या वापरल्याच पाहिजेत असे नाही.

एखादा विषय सलग अनेक पाने चालत असेल तर खुणेची व्याप्ती ठरवावी लागते. इनडिझाइनमध्ये ती ‘चालू पान’, ‘पुढील अमुक परिच्छेद’, ‘पुढील अमुक पाने’, ‘शैली बदलेपर्यंत’ अशा प्रकारे देता येते. ‘पुढील अमुक पाने’ हा पर्याय दिसायला सोपा असला तरी मांडणी बदलली की खोटा ठरतो. परिच्छेदांची संख्या किंवा पुढील उपशीर्षकाच्या शैलीपर्यंतची व्याप्ती अधिक सुरक्षित. वर्डमध्ये आधी तो सलग मजकूर बुकमार्क करून मग खुणेत त्या बुकमार्कचे नाव द्यावे लागते. रायटरमध्ये व्याप्ती देण्याची सोय नाही. तेथे प्रत्येक पानावर एक खूण करून लागोपाठची पाने एकत्र जोडण्याचा पर्याय निवडावा.

रायटरची आणखी एक मर्यादा आपल्या ओळखीत कोणी तो वापरत असेल तर सांगून ठेवावी : त्यात सूचीतील पाहा-नोंदीसाठी वेगळी सोय नाही. सूची अंतिम झाल्यावर तिचे संरक्षण काढून त्या ओळी हाताने घालाव्या लागतात, आणि सूची पुन्हा अद्ययावत केली की त्या जातात. त्यांची यादी बाजूला जपून ठेवावी. वर्ड वापरणाऱ्यांनी सूची अद्ययावत करण्यापूर्वी छुपी चिन्हे दाखवणे बंद करावे, कारण उघड्या खुणा जागा घेतात आणि त्यांच्यामुळे सरकलेले पृष्ठक्रमांक सूचीत उतरतात. फ्रेममेकरमध्ये खुणेच्या मजकुरातच कोलनने पोटनोंद, अर्धविरामाने दुसरी नोंद आणि चौकोनी कंसात क्रमासाठीचे रूप दिले जाते. पद्धत सुबक आहे, पण मराठी ग्रंथांसाठी आपल्या भागात ते सहसा वापरात नाही.

यानंतरचा विषय अकारविल्हे क्रमाचा, आणि येथे मराठीची स्वतःची अडचण सुरू होते. युनिकोडमध्ये ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच नंतरचा क्रमांक मिळालेला आहे. आपल्या वर्णमालेत मात्र तो ‘ह’नंतर येतो. केवळ संकेतक्रमाने लावलेल्या यादीत ‘बेलवडी, बेळगाव, बेसाल्ट’ असा क्रम येईल. मराठी वर्णमालेप्रमाणे तो ‘बेलवडी, बेसाल्ट, बेळगाव’ असा हवा. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ हे तर युनिकोडच्या दृष्टीने जोडाक्षरेच आहेत, म्हणून ‘क्षेत्रपाल’ हा ‘क’च्या शेवटी आणि ‘ज्ञानेश्वर’ हा ‘ज’च्या शेवटी जातो. शाळेत ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ असे शिकलेला वाचक त्यांना सूचीच्या तळाशी शोधतो. अनुस्वाराबाबत खुद्द कोशकारांतही एकवाक्यता नाही. ‘कंग्राळी’ ही ‘कडोली’च्या आधी लावावी की बाराखडीप्रमाणे ‘कौ’च्या नंतर, हे आपण ठरवावे आणि सूचीच्या माथ्यावर एका ओळीत सांगावे. वाचक कोणताही क्रम स्वीकारतो, मात्र तो सर्वत्र सारखा हवा.

सॉफ्टवेअरला हे कसे सांगायचे? रायटरमध्ये सूचीच्या रचनेत क्रमासाठीची भाषा ‘मराठी’ निवडता येते. वर्डमध्ये सूचीच्या फील्डला भाषेचा क्रमांक देता येतो आणि मराठीचा तो क्रमांक ११०२ आहे. इनडिझाइनमध्ये प्रत्येक मुख्यशब्दाशेजारी ‘सॉर्ट बाय’ असा रकाना आहे. छापले जाणारे रूप पहिल्या रकान्यात राहते आणि क्रम मात्र या दुसऱ्या रकान्याप्रमाणे लागतो. येथे मी एक युक्ती वापरतो. ‘क्षेत्रपाल’साठी या रकान्यात ‘ह्हक्षेत्रपाल’ आणि ‘ज्ञानेश्वर’साठी ‘ह्हज्ञानेश्वर’ असे लिहितो. ‘ह्ह’ने सुरू होणारा शब्द मराठीत नसल्यामुळे ही नोंद ‘ह’च्या सर्व शब्दांनंतर जाते आणि छपाईत त्या अक्षरांचा मागमूस राहत नाही. शब्दाच्या मध्ये ‘ळ’ असेल तर त्या जागी हीच जोडी घालावी, म्हणजे ‘बेळगाव’साठी ‘बेह्हगाव’. हे सर्व शब्दांना करण्याची गरज नाही. जेथे शेजारच्या नोंदींमुळे क्रम प्रत्यक्ष बिघडतो तेथेच करावे. गटांची शीर्षके सॉफ्टवेअरवर सोपवली असतील तर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ची शीर्षके अखेरीस हाताने तपासावीत. मूळ काम सुरू करण्यापूर्वी एका रिकाम्या फाइलमध्ये वर उल्लेखिलेल्या आठदहा शब्दांची चाचणी सूची काढून पाहणे चांगले, कारण आवृत्तीगणिक वर्तन बदलू शकते.

याच प्रकारातील आणखी एक त्रास डोळ्यांना दिसत नाही. ‘कऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एका पद्धतीत त्यासाठी वेगळे अक्षर वापरले जाते, दुसऱ्या पद्धतीत साध्या ‘र’ला हलन्त लावून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवले जाते. छापल्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असल्यामुळे सूचीत ‘कऱ्हाड’ दोनदा येते आणि पाने दोन ठिकाणी विभागली जातात. ‘ॲ’चे तसेच आहे. तो एकसंध अक्षर म्हणूनही टंकला जातो आणि ‘अ’वर अर्धचंद्र देऊनही. शिवाय एकसंध ‘ॲ’चा युनिकोड क्रमांक ‘ह’च्याही पुढे असल्याने केवळ संकेतक्रम लावला तर असे शब्द तळाशी जातात. दोन वेगवेगळ्या संगणकांवर मजकूर टंकला गेला असेल तर हे घडणारच. खुणा करण्यापूर्वी शोधा-आणि-बदला वापरून संपूर्ण मजकुरात एकच पद्धत करून घ्यावी. सूचीत एकसारख्या दिसणाऱ्या दोन नोंदी शेजारी आल्या तर कारण येथेच शोधावे, किंवा शब्दाच्या शेवटी राहिलेल्या रिकाम्या जागेत.

पाहा-नोंदींची खूण मजकुरात कोठे ठेवायची, असा प्रश्न नवख्यांना पडतो. इनडिझाइनमध्ये इंडेक्स पॅनेलमध्ये ‘टॉपिक’ या पद्धतीत जाऊन ती केली की पानाचा संबंधच येत नाही. तेथे ‘सी’ आणि ‘सी ऑल्सो’ हे इंग्रजी पर्याय सोडून ‘कस्टम’ निवडावे आणि ‘पाहा’ व ‘आणखी पाहा’ असे शब्द स्वतः द्यावेत. इंग्रजी सूचीत हे शब्द तिरक्या अक्षरात छापतात. देवनागरीला कृत्रिम तिरकेपणा शोभत नाही, म्हणून मी त्यांना फिकट वजनाचा फॉन्ट लावतो. ज्या मुख्यशब्दाकडे बोट दाखवले आहे तो सूचीत त्याच रूपात अस्तित्वात आहे ना, हे एकेक करून तपासावे. ‘परसगड : पाहा सौंदत्ती तालुका’ असे वाचून ‘स’मध्ये गेलेल्या वाचकाला तेथे ‘सौंदत्ती’ एवढेच सापडले तर तो सूची मिटतो. दोन नोंदी एकमेकींकडेच बोट दाखवतात आणि पान कोणीच देत नाही, हा प्रकारही मोठ्या सूचीत घडतो.

मजकुरातील ‘पृष्ठ ११२ पाहा’ या उल्लेखांसाठी वेगळे साधन आहे. इनडिझाइनच्या क्रॉस-रेफरन्स पॅनेलमधून लक्ष्य निवडावे. ते शीर्षकाचा परिच्छेद असू शकते किंवा परिच्छेदाच्या मध्यावर आपण ठेवलेला नाव दिलेला अँकर, म्हणजे न दिसणारी खूण. तयार नमुन्यांत इंग्रजी शब्द असतात, म्हणून प्रथमच एक नवा नमुना करावा : ‘पृष्ठ’ हा शब्द, त्यापुढे न तुटणारी मोकळी जागा आणि मग पृष्ठक्रमांक देणारा घटक. ‘पाहा’ हा शब्द वाक्यात राहू द्यावा, कारण कधी ‘पाहा’, कधी ‘वर उल्लेखिलेले’, कधी ‘येथील नकाशा’ अशी वाक्यरचना बदलत असते. शीर्षकाचा मजकूर आपोआप आणणारा नमुना मराठीत बेतानेच वापरावा. ‘हलशीची मंदिरे’ हे शीर्षक ‘हलशीची मंदिरे या प्रकरणात’ असे चालते, पण त्याला थेट ‘-मध्ये’ जोडले की व्याकरण बिघडते. ‘मागील प्रकरणात’, ‘पुढे येणाऱ्या तक्त्यात’ हे उल्लेखही जपून करावेत. प्रकरणांचा क्रम बदलला की सॉफ्टवेअर ते सुधारणार नाही.

प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी असेल तर त्या सर्व एका ‘बुक’मध्ये घ्याव्यात आणि सूची बुकमधील सर्व दस्तऐवज धरून काढावी. परस्परसंदर्भ अद्ययावत करताना सर्व फाइली उघड्या ठेवाव्यात. पॅनेलमध्ये ज्या संदर्भाचे लक्ष्य हरवले आहे तेथे इशाऱ्याचे चिन्ह दिसते. वर्डमध्ये याच ठिकाणी ‘एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ असे वाक्य थेट मजकुरात उमटते, आणि ते तसेच छापून आलेले ग्रंथही आहेत. पीडीएफ छपाईला देण्यापूर्वी ‘एरर’ हा शब्द एकदा शोधून घ्यावा.

हे सर्व केल्यावरही खुणा नाहीशा होण्याचे मुख्य कारण मुद्रितशोधनाच्या दुरुस्त्या हे असते. प्रुफावर परिच्छेद बराच बदलला असेल तर ऑपरेटर संपूर्ण परिच्छेद पुसून नव्याने टंकतो आणि त्यातील खुणा व अँकर त्याच्याबरोबर जातात. परिच्छेदाची प्रत दुसरीकडे चिकटवली तर खुणाही दुप्पट होतात. आपल्या ऑपरेटरला विनंती करावी की, खुणा झाल्यानंतरच्या दुरुस्त्या छुपी चिन्हे दिसत असतानाच कराव्यात आणि शब्दापुरत्या कराव्यात. शक्य असल्यास तिसरे प्रूफ संपल्याशिवाय खुणांना हातच लावू नये. चौकटीबाहेर सांडलेल्या मजकुरातील खुणेला पान मिळत नाही, इंडेक्स पॅनेलमध्ये तिच्यापुढे पानाऐवजी ‘पीएन’ अशी अक्षरे दिसतात. तीही पाहून घ्यावीत.

शेवटी मांडणी. सूची दोन स्तंभांत, मूळ मजकूर बारा पॉइंटांत असेल तर नऊ किंवा साडेनऊ पॉइंटांत, आणि स्तंभाच्या डाव्या कडेला जुळवलेली असावी. दोन्ही कडा जुळवल्या की छोट्या ओळींत विचित्र मोकळ्या जागा पडतात. पृष्ठक्रमांक देवनागरी अंकांत येण्यासाठी आपल्या केंद्रात रोमन अंकांच्या जागी देवनागरी आकार असलेला फॉन्ट वापरत असतील, तर सूचीतील क्रमांकांच्या आणि परस्परसंदर्भातील क्रमांकांच्या कॅरेक्टर स्टाइललाही तोच फॉन्ट लावण्यास सांगावे. अन्यथा पानाच्या तळाशी ११२ देवनागरीत आणि सूचीत तोच क्रमांक रोमन अंकांत येईल. सूचीला किती पाने लागतील याचा अंदाज पहिल्या चाचणी निर्मितीतच घ्यावा आणि छापखान्याला सांगावा. सोळा पानांच्या फर्म्याच्या (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्याच्या) हिशेबात शेवटच्या फर्म्यात आठ पाने शिल्लक असतील आणि सूची नऊ पानांची होत असेल, तर एक पान कमी करण्यासाठी नोंदी कापू नयेत. अक्षर अर्धा पॉइंट लहान करावे किंवा स्तंभांमधील अंतर कमी करावे. तेवढ्यानेही भागत नसेल, तर ज्या पोटनोंदींपुढे एकच पान आहे आणि तेच पान शेजारच्या पोटनोंदीपुढेही आहे, अशा जोड्या एकत्र कराव्यात.